सलोमीबाईंचं वाट पाहणं

सलोमीबाईंना कुणी कधी धावताना पाहिलं असेल असं मला वाटत नाही. नागपुरातल्या सदर भागातल्या चौकात बस समोरून निघून जायची, कंडक्टर दारात लोंबकळत हात हलवायचा, मी पदर खोचून पळायच्या बेतात असायची आणि बाई छत्री जमिनीला टेकवून म्हणायच्या, "जाऊ दे वं. दुसरी येऊन राहिली." दुसरी कुठेही दिसत नसायची. बाईंना त्याचं काही नसे. त्या फुटपाथच्या कडेला उभ्या राहून पर्समधला सुंठीचा तुकडा काढत, अर्धा मला देत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लग्नघरी आल्यासारख्या पाहत बसत.

मला जन्मजात घाई. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारी मी. लग्न होऊन नाशिकहून नागपुरात आले आणि वर्षभरात एका प्राथमिक शाळेत नोकरीला लागले, तिथे सलोमीबाई पहिलीचा वर्ग घेत होत्या. शिवाय त्या आमच्या शेजारीण. गड्डीगोदामच्या अंगाला एका ओळीत काही भाड्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या दोन त्यांच्या आणि त्याला लागून आमच्या. म्हणजे दिवसभर शाळेत बाई आणि उरलेला दिवस भिंतीपलीकडे बाई. पहिले काही महिने मला वाटायचं, या बाईंना किल्ली द्यायची राहून गेलीय की काय.

बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, बारीक काठाचं पांढरं सुती पातळ, गळ्यात काळ्या गोफात लहानसा क्रूस आणि बाराही महिने ती काळी छत्री. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की अस्सल नागपुरी. पण वर्गातली त्यांची खरी ख्याती होती ती गोष्ट अर्धी सोडण्याची. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट सुरू करायच्या आणि कोल्हा विहिरीत पडला की पुस्तक मिटायच्या. पोट्टे हातपाय आपटायचे, एकदोन तर रडायचे. बाई म्हणायच्या, "सोमवारी." एकदा साहेब तपासणीला आले. त्यांनी वर्गाला सहज विचारलं की कोल्ह्याचं पुढे काय झालं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "अजून नाही झालं." साहेबांना हसावं की शेरा मारावा कळेना. मुख्याध्यापिकांनी नंतर बाईंना बोलावून घेतलं. बाई परत आल्या त्या हसतच. मला म्हणाल्या, "दोन दिवस तो कोल्हा त्याहीच्या घरी राह्यते. जेवताना राह्यते, झोपताना राह्यते. मी एकदमच सांगितलं तं तिथंच मरून जाईन न तो."

या बाईंच्या पदरी देवाने नवरा दिला होता याकोबराव.

याकोबराव रेल्वेत फिटर होते. उंच, काळेसावळे, गडगडाटी हसणारे, आणि घाई तर अशी की चहा बशीत ओतायचाही धीर नाही. माझं आणि त्यांचं चांगलं जमायचं ते यामुळेच. त्या काळी आमच्या ओळीत कुठलाही नवरा बायकोचं नाव घेत नसे. "अवं", "आयकलं का", "पोट्ट्याची माय", एवढ्यावर सगळ्यांचे संसार निघत. याकोबरावांची सायकल मात्र गल्लीच्या तोंडाशी वळली की घंटीच्या आधी हाक यायची, "सलोमीऽऽ!" मधला स्वर लांब खेचून, चांगला तालात. ओळीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. माझ्या सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "आला गिरणीचा भोंगा. लाव सुधा चहा." त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला तो एक माणूस, पण त्याच्या आवाजाने घर भरलेलं वाटायचं.

ती दोघं मराठी ख्रिस्ती. नाताळ आमच्या ओळीत सगळ्यांनाच ठाऊक होता, कारण ताटं घरोघर यायची. पण नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे काय असतं ते मला बाईंमुळे कळलं. त्या त्याला आगमनकाळ म्हणत. सण नव्हे, सणाची वाट पाहायचे दिवस. कळमेश्वरला एका जुन्या विद्यार्थ्याची संत्र्याची बाग होती, तिथून त्या हिरव्यागार डहाळ्या आणवत. पितळी परातीत वाळू, वाळूभोवती संत्र्याची पानं आणि मधे चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी हवी. तशा रंगीत मेणबत्त्या कुठे मिळत नसत, म्हणून इतवारीच्या बाजारातून पतंगाचा कागद आणून पांढऱ्याच मेणबत्त्यांना तो खालच्या अंगाने बांधायचा. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, ती आनंदाची. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. त्या म्हणायच्या, एवढ्या मेणबत्त्या आणल्याच आहेत तर एकदम लावून टाक, घर तरी उजळेल. बाई म्हणायच्या, "अन् मंग बाकीचे तीन आठवडे काय करू, आक्का?"

कोपऱ्यात लाकडी खोक्याचा गोठा मांडलेला असायचा. गाय, गाढव, मेंढरं, मरिया, योसेफ सगळे हजर, पण गव्हाणी रिकामी. बाळ चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत कपाटात. आणि गोठ्यापुढे ठेवायला एका ताटात मातीत पेरलेला गहू, खिडकीतल्या उन्हात वाढवलेला, कोवळा हिरवा.

या सगळ्यात याकोबरावांचं एकच काम असायचं, नियम मोडणं. त्यांच्या देवळात चोवीस तारखेच्या रात्री जन्माचं एक भजन म्हणायचे, ढोलकी-झांजेवर, आणि त्याची पहिली ओळ उचलायचा मान याकोबरावांचा. "मेंढपाळा, जाग गा, गव्हाणी उजळली" असं काहीतरी होतं ते. त्यांना दिवाळी सरली की ते भजन चढायचं. नोव्हेंबरच्या सकाळी न्हाणीघरातून तांब्याच्या आवाजाबरोबर "मेंढपाळा..." सुरू झालं की लगेच दारावर बोटांची टकटक ऐकू यायची. "अजून जन्म नाई झाला, याकोब. चूप." आतून पाणी ओतल्याचा आवाज. दोन मिनिटांनी पुन्हा "मेंढपाळा...", पुन्हा टकटक. महिनाभर आम्ही भिंतीपलीकडून ही एक ओळ ऐकायचो. पुढचं भजन चोवीस तारखेशिवाय कुणी ऐकलेलं नव्हतं. मी एकदा याकोबरावांना म्हटलं की गुपचूप मला सगळं म्हणून दाखवा. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून कानाची पाळी पकडली.

चौऱ्याहत्तर साल एकूणच बरं नव्हतं. रॉकेलला रांगा, साखरेला रांगा, भाव ऐकून माणूस पिशवी तशीच घेऊन परतायचा. त्यात नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी न्हाणीघरात तांब्या पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ टकटक झाली नाही. बाईंनी हाक मारली ती मी त्या आवाजात कधी ऐकली नव्हती. मी आणि माझे यजमान धावलो. याकोबराव ओल्या फरशीवर कुशीला पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे.

दवाखान्यात नेलं. उजवं अंग गेलं होतं. दोन आठवड्यांनी जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. पाय कदाचित सुधारेल, हाताचं सांगता येत नाही. पण बोलणं पार गेलं होतं. ते सगळ्यांकडे पाहायचे, ओळखायचे की नाही ते समजत नसे. काही सांगायचं असलं की ओठ हलायचे आणि एक घोगरा आवाज निघायचा, त्याला शब्दाचा आकार नसायचा. मग ते चिडायचे आणि डाव्या हाताने चादर ओढायचे. गल्लीच्या टोकावरून हाक मारणारा माणूस तो. मला तिथे उभं राहवत नसे.

शाळेत सगळ्या म्हणायच्या, सलोमीबाईंना धीर आहे, वाट पाहणं त्यांच्याकडून शिकावं. मलाही तसंच वाटत होतं. एका संध्याकाळी डबा घेऊन गेले तर बाई वॉर्डाबाहेर पायरीवर बसल्या होत्या. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. तरुण डॉक्टर होते, भले होते. त्यांनी सांगितलं होतं की वाचा परत येईल असं मी म्हणू शकत नाही, येणार नाही असंही म्हणू शकत नाही, वाट पाहावी लागेल. मी बाईंना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "तुम्हाला तर सवय आहे बाई."

त्यांनी चष्मा काढला. "वाट पाह्यची तं कोणीतरी येणार हाय हे माहीत पायजे, सुधा. नाताळची वाट पाहते मी, कारण पंचवीस तारीख येतेच. इथं कोणाची पाहू? तो मले ओळखते का नाही, मले हेच समजत नाही. एकदा नाव घेतलं असतं तं मी जलमभर बसली असती इथं."

मी डबा उघडला, त्यांनी तो परत लावला.

आगमनाच्या पहिल्या रविवारी त्या अंघोळीपुरत्या घरी आल्या. त्या घरात त्या दिवशी काही मांडलेलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा त्या मोरीजवळ उकिडव्या बसून ताटात माती पसरत होत्या. मला म्हणाल्या की का पेरतेय मलाच ठाऊक नाही, हाताला सवय आहे म्हणून. गहू पेरला, पाणी शिंपडलं आणि ताट उचलून आमच्या घरी आणून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "आक्का, याले पाणी घालसान का? मी काही घरी राहत नाही." मेणबत्त्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. परात फळीवर पालथी होती, ती तशीच राहिली.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, सासूबाईंच्या आली. सासूबाई खापा गावच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि नेमधर्माला कडक. दुसऱ्या रविवारी दिवेलागणीला त्यांनी माझ्याकडे ठेवलेली बाईंच्या दाराची किल्ली मागितली. आत जाऊन परात सरळ केली, वाळू भरली, संत्र्याची पानं कुठून मिळणार म्हणून आमच्याच अंगणातली कडुनिंबाची डहाळी भोवती लावली आणि घरातल्या दोन मेणबत्त्या पेटवल्या. एक मागच्या रविवारची राहिलेली, एक आजची. मी म्हटलं, आई, हा त्यांच्या देवाचा विधी आहे, आपण कसा करायचा? त्या म्हणाल्या, "देव पाहून घेईन त्याचं. दिव्याचा नेम मोडू नाही, दुखणं हाय घरात." दोघी तिथे जमिनीवर बसून राहिलो. रिकाम्या घरात दोन मेणबत्त्या जळताना पाहून मला रडू आलं, आणि त्यांनी मला रडू दिलं.

आता गव्हाचं सांगते. खाप्याला नवरात्रात जवारा पेरायची मोठी रीत. टोपलीत माती, मातीत गहू, वरून हळदीचं पाणी आणि ऊन म्हणून अजिबात दाखवायचं नाही. अंधारात वाढलेला गहू पिवळाधमक येतो. जेवढा पिवळा तेवढी देवी प्रसन्न. नऊ दिवस झाले की वाजतगाजत नेऊन कन्हान नदीत शिरवायचा आणि चार तुरे मागे ठेवून घरच्या माणसांच्या कानावर खोवायचे. सासूबाईंनी हे लहानपणापासून केलेलं. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मी देवघराच्या कोपऱ्यात केर काढायला गेले तर तिथे एक मोठी टोपली पालथी. उचलून पाहते तो खाली बाईंचं ताट, आणि ताटात वीतभर उंच, दाट, हळदीसारखा पिवळा गहू. हिरवं पातं औषधाला नाही.

मी म्हटलं, आई, हे काय केलंत, त्यांचा गहू हिरवा असतो, दरवर्षी आपण पाहतो ना. बाई उद्या येतील, अजून एक दिवस आहे, उन्हात ठेवू, होईल हिरवा.

सासूबाईंनी टोपली माझ्या हातून घेतली आणि परत झाकली. त्यांचं म्हणणं असं, की इतकी वर्षं बाईचा जवारा हिरवा पडतो हे त्या पाहत आल्या होत्या, आणि बिचारीला कोणी शिकवलंच नाही, परक्या माणसाने काय बोलायचं म्हणून गप्प बसल्या होत्या. यंदा तो त्यांच्या हातात आला होता. "हिरवा जवारा कोण्या घरी चांगला म्हणतेत वं? म्हणूनच असं झालं असन त्याचं. यंदा मी नीट केला. रोज गाणी म्हटली त्याच्यापाशी." मी कपाळाला हात लावला. दोन धर्मांचा गहू एका ताटात आणि मधे मी.

रविवारी बाई देवळातली सकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, आटोपून आल्या. सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं आणि नव्या नवरीचं तोंड दाखवावं तशी टोपली उचलली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. बाई पाहतच राहिल्या. किती वेळ पाहिलं त्यांनी. मग हात पुढे करून पात्यांच्या शेंड्यांवरून तळवा फिरवला. आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत, चष्म्याआडून पाणी येईपर्यंत. महिन्यात पहिल्यांदा.

"आक्का, इतके वर्षं मी गाईपुढं हिरवं गवत ठेवत होती. थंडीत कोण्या गव्हाणीत हिरवं गवत राह्यते वं? सुकं पिवळंच राह्यते न. बाळ अशाच गवतात झोपलं असन. मले कधी सुचलं नाही." मग एकदम उठल्या. "हे याकोबले दाखवलं पायजे."

सायकलरिक्षात त्या दोघी बसल्या, मी ताट मांडीवर घेऊन पायाशी. दवाखान्यात भेटीची वेळ होती. वॉर्डात गर्दी, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं खाटांच्या मधे फडकी अंथरून बसलेली. याकोबराव उशीला टेकून छताकडे पाहत होते. बाईंनी ताट त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पाहिलं, पुन्हा छताकडे डोळे नेले. बाईंचा चेहरा पडला. सासूबाईंना हे मान्य नव्हतं. त्यांनी सरळ चार पाती खुडली, खाटेवर वाकल्या आणि स्वतःच्या लेकाला खोवावी तशी ती याकोबरावांच्या डाव्या कानामागे खोवली. म्हणाल्या, "घे गा याकोबा. देवीचं हाय. तुह्या देवालेही चालन."

याकोबरावांचा डावा हात वर आला. कानाशी चाचपडला. एक पातं हातात आलं, ते डोळ्यांसमोर धरून ते बघत राहिले. तोंडाची चांगली बाजू हलली, हसले असावेत. आणि मग तो घोगरा आवाज निघाला. मला वाटलं आता चिडणार. पण आवाज वर चढला, वळला आणि त्याला सूर आला. त्या सुरात, जाड जिभेने, पण लख्ख ऐकू यावं असं ते म्हणाले, "मेंढपाळा, जाग गा..."

वॉर्ड गप्प झाला असं मी म्हणणार नाही, वॉर्ड कधी गप्प होत नाही. बाईंचा हात सवयीने वर गेला होता, बोटं वळलेली, दारावर टकटक करायला जातात तशी. तो तिथेच हवेत राहिला. चोवीस तारखेला अजून अवकाश होता. मग त्यांनी तो हात हळूच याकोबरावांच्या छातीवर ठेवला आणि ते गात राहिले. पहिली ओळ, दुसरी, मग ती कडवी जी आम्ही भिंतीपलीकडून कधी ऐकलीच नव्हती. शब्द कुठे पुसट, कुठे नुसता सूर, पण भजन सुरू झालं आणि संपलं. बाजूच्या खाटेजवळची म्हातारी सासूबाईंना विचारत होती की हे कोण्या देवाचं होय. सासूबाई म्हणाल्या, "आपलंच होय."

बाई खाटेच्या पट्टीला डोकं टेकून रडल्या. मला त्या दिवशी जो आनंद झाला तसा आनंद त्यानंतर मला फार थोड्या वेळा झाला आहे.

डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं. बोलणं मेंदूत एका जागी असतं आणि गाणं वेगळ्या जागी, ते वाचलेलं असू शकतं. त्याने बोलणं येईलच असं नाही. बाईंनी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथेच सोडलं. नाताळच्या आधी याकोबरावांना घरी आणलं आणि बाईंनी घरात पहिलीचा वर्ग सुरू केला. पाणी हवं तर "पाणी" म्हणायचं नाही, गायचं, त्याच भजनाच्या चालीवर. चहा गायचा. उशी गायची. भर दुपारी भिंतीपलीकडून "चहाऽऽ, चहा गा" असं मेंढपाळाच्या चालीत ऐकू आलं की मी हसू की रडू करत बसायची. हळूहळू काही शब्द चालीतून सुटे झाले. "पाणी", "नको", "बस". एक दिवस सासूबाईंना पाहून ते "आक्का" म्हणाले. सासूबाईंनी ओळभर साखर वाटली, रेशनची.

सगळी नावं आली. कोपऱ्यावरच्या पानवाल्याचं आलं, माझं आलं, थोडं वाकडं. "सलोमी" मात्र आलं नाही. बाईंना ते "ए" म्हणायचे, किंवा हाताने पातळ ओढायचे. मला वाटलं अवघड शब्द आहे. मी बाईंना म्हटलं की तुमचं नावही चालीवर बसवा ना, चांगलं बसेल, आठवड्यात म्हणतील.

बाई भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. "नाही वं. बाकी सगळं शिकवीन मी त्याले. माह्यं नाव नाही शिकवणार. शिकवलेलं नाव कायले पायजे मले? पोट्टे बी घोकून म्हणतेत. त्याले आतून आलं तं म्हणन." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "येऊन राहिलं असन कुठं तरी."

मला ते वेडेपणाचं वाटलं. मी असते तर पहिल्याच दिवशी शिकवलं असतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. त्या नुसत्या हसल्या.

दोन-तीन वर्षांत माझ्या यजमानांची बदली अमरावतीला झाली. पुढे सासूबाई गेल्या. बाईंनी दोन दिवस येऊन आमच्याकडे मुक्काम केला, सगळ्यांना हाताने वाढलं. त्यानंतर पत्रं नाताळ-दिवाळीपुरती. बाई निवृत्त झाल्याचं कळलं. नागपूरला जायचं जायचं म्हणत राहिले आणि एका डिसेंबरात, ब्याऐंशी साल असावं, एका लग्नाच्या निमित्ताने गेले तेव्हा वाट वाकडी करून त्या ओळीत शिरले.

दोघं बाहेर ओसरीवर उन्हात बसली होती. याकोबराव खुर्चीत, पायावर घोंगडी, केस सगळे पांढरे. बाई खाली पोत्यावर, सुपात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत. मला पाहून उठायची घाई त्यांनी केली नाही, शेंगा बाजूला सारून जागा केली. चहा झाला. जुन्या शाळेच्या गप्पा झाल्या. याकोबरावांचे शब्द पूर्वीपेक्षा कमी झाले होते. वय झालं, शब्दही थकतात असं बाई म्हणाल्या. मी बराच वेळ विचारू की नको करत होते. शेवटी निघताना विचारलंच, "बाई, नाव?"

त्यांनी मान हलवली. नाही. त्यात दुःख होतं, ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. पण तेवढंच नव्हतं. एखाद्याने विचारावं की पाहुणे आले का, आणि आपण म्हणावं की अजून नाही, तसं होतं ते.

मी पाया पडले आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. बसताना सहज मागे पाहिलं. याकोबरावांनी डावा हात उचलला होता. त्यांचे ओठ हलत होते, एकदा, थांबून पुन्हा एकदा. बाईंनी सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि आपला कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं. एवढ्या लांबून मला काहीच ऐकू येणार नव्हतं, तरी थांब म्हटलं. मागे आलेला टेम्पो हॉर्न वाजवू लागला. रिक्षा वळली तेव्हाही बाई तशाच वाकून उभ्या होत्या.